गुण कशाने आला, हे कसे ठरवावे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, बहात्तर वर्षांचे असून त्यांना काही वर्षांपासून गुडघेदुखी आणि उच्च रक्तदाब आहे. जानेवारीच्या मध्यापासून ते रोज सकाळी घराजवळच्या एका केंद्रात जातात. तिथे गरम होणाऱ्या आणि आतून रूळ फिरणाऱ्या पलंगावर चाळीस मिनिटे फुकट झोपवतात. दीड महिन्यात गुडघेदुखी निम्म्यावर आली आणि वरचा रक्तदाब १६८ वरून १३८ वर उतरला, असे नाना सांगतात. भगिनींनी ठेवलेल्या वहीतले आकडेही तेच म्हणतात. त्यातला पहिला आकडा नानांना चक्कर आली त्या दिवशी घरी घेतलेला आहे, पुढचे काही घरचे आणि काही केंद्रात पलंगावरून उठल्यावर घेतलेले आहेत. आता एक लाख चाळीस हजारांचा तो पलंग विकत आणावा आणि रक्तदाबाची गोळी निम्मी करावी, असे नानांच्या मनात आहे. यजमान सगळे हसण्यावारी नेतात आणि त्यावरून जेवताना बोलाचाली होते. “मी वाणिज्य शाखेची, पैशांचा हिशेब मला कळतो, शरीराचा कसा मांडायचा ते कळत नाही,” असे लिहून त्या विचारतात, की नानांना न दुखावता पलंगाचा गुण घरच्या घरी तपासता येईल का. ताज्या कलमात आणखी एक प्रश्न आहे: मुलाच्या मनगटी घड्याळात दिसणारा रक्तदाब धरावा का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळण्यापूर्वी गोळीचा विषय वेगळा काढला पाहिजे, कारण त्याला थांबायला वेळ नाही. नानांचा १३८ हा आकडा गोळी चालू असताना आलेला आहे. त्यात गोळीचा वाटा किती आणि पलंगाचा किती, हे आपल्या वहीवरून कोणालाच सांगता येणार नाही, आणि तोपर्यंत गोळीला हात लावण्याचे कारण नाही. रक्तदाबाची काही औषधे अचानक सोडली, तर दाब पूर्वी होता त्याच्याही वर उसळी घेतो आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. नानांना गोळी कमी करण्याची इच्छा असेल तर ती रास्त इच्छा आहे, परंतु ती डॉक्टरांसमोर मांडावी, आणि मांडताना पुढे सांगतो त्या रीतीने घेतलेले आकडे सोबत न्यावेत.

आता वही. आपण ती प्रामाणिकपणे ठेवली आहे, हे पत्रासोबतच्या नकलेवरून दिसते, आणि तरीही ती आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, कारण तिच्यात एक रकाना नाही. नाना पलंगावर गेले नसते तर या दीड महिन्यात काय झाले असते, हा तो रकाना. हिशेबात जमेची बाजू लिहिली आणि नावेची लिहिलीच नाही, तर शिल्लक कितीही सुरेख दिसली तरी तिचा अर्थ लागत नाही. इथे तसे झाले आहे. उपचारानंतर बरे वाटले आणि उपचाराने बरे वाटले, या दोन वाक्यांतला फरक फक्त त्या रिकाम्या रकान्यातून कळतो.

पहिला आकडा घ्या. तो चक्कर आली त्या दिवशीचा, म्हणजे नानांच्या नेहमीच्या दिवसांपैकी एका वाईट दिवसाचा आहे. कोणत्याही माणसाचा रक्तदाब दिवसभर आणि रोज वरखाली होत असतो. त्यातला सर्वांत वरचा क्षण निवडून तिथून मोजायला सुरुवात केली, तर पुढची मोजणी बहुतेक वेळा खालीच येणार, मधल्या काळात काहीही केलेले नसले तरी. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुले यांच्या उंचीचे आकडे मांडताना ही गोष्ट दाखवली होती: फार उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच निघत नाहीत आणि फार बुटक्यांची त्यांच्याइतकी बुटकी निघत नाहीत. टोकाची मोजणी सरासरीकडे परतते, हा आकड्यांचाच स्वभाव आहे. गुडघ्यालाही तोच नियम लागू पडतो, कारण सांधेदुखी लाटांनी येते आणि माणूस नव्या उपायाकडे वळतो तो लाट डोक्यावर असताना. त्यानंतर ती ओसरतेच, आणि त्या वेळी जो उपाय हाताशी असतो त्याच्या नावावर ते श्रेय जमा होते. जगातल्या अनेक उपायांची कीर्ती याच एका गोष्टीवर उभी आहे, असे माझे मत आहे.

दुसरे म्हणजे ऋतू. आपल्या गावी जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळीसच्या आसपास जातो. थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब वाढतो, तर उष्णतेत त्या सैलावतात आणि दाब उतरतो. ब्रिटनमध्ये रक्तदाबाच्या एका मोठ्या औषधचाचणीतील रुग्णांच्या नोंदींवरून १९८२ मध्ये हे ऋतुमान प्रसिद्ध झाले, आणि वय जितके जास्त तितका हिवाळा-उन्हाळ्याचा फरक जास्त, असे त्यात आढळले. ब्रिटनचे हवामान ग्वाल्हेरपेक्षा कितीतरी सौम्य आहे, हे लक्षात घ्यावे. नानांनी पलंग सुरू केला ऐन थंडीत आणि आपण निकाल लिहिला फेब्रुवारी सरताना. आखडलेले गुडघेही त्या दिवसांत, पलंग असो वा नसो, थोडे मोकळे होतात.

तिसरी अडचण मोजण्याच्या रीतीची आहे, आणि इथे थोडे थांबून सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. केंद्रात दाब मोजतात तो चाळीस मिनिटे गरम पलंगावर आडवे पडून उठल्यानंतर. त्या वेळी कोणाचाही दाब कमी भरेल. तो त्या घटकेचा दाब आहे, त्या माणसाचा नव्हे. घरचे यंत्र आणि केंद्राचे यंत्र वेगळे आहे, त्यामुळे दोन्हींचे आकडे एकाच रकान्यात लिहिणे म्हणजे मण आणि किलो एकत्र मिळवणे. शिवाय हाताची जागा महत्त्वाची. हात हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर केवळ रक्ताच्या स्तंभाच्या वजनाने आकडा पाऱ्याच्या सात-आठ मिलिमीटरने, म्हणजे रक्तदाबाच्या सात-आठ अंकांनी, जास्त येतो. दंडाला पट्टा तोकडा पडला, मोजताना बोलणे चालू राहिले, पायावर पाय टाकला किंवा लघवीला लागलेली असली, तरी तो वर जातो. आपल्या वहीतल्या तीस मिलिमीटरच्या फरकापैकी किती भाग अशा किरकोळ गोष्टींत विरघळेल, याचा अंदाज यावरून यावा.

म्हणून एकच यंत्र ठरवावे, ते दंडाला पट्टा बांधण्याचे असावे, आणि एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून घ्यावे. सकाळी चहा आणि गोळी यांच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, हात टेबलावर हृदयाच्या उंचीवर ठेवून, नानांनी पाच मिनिटे न बोलता बसावे. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. रात्री जेवणापूर्वी पुन्हा तसेच करावे. असे सलग सात दिवस करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत, कारण पहिल्या दिवशी नवलाईनेच दाब थोडा चढलेला असतो. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी हा नानांचा खरा आकडा. घरी मोजलेली ही सरासरी १३५ वर ८५ च्या आत असावी, हा सामान्य निकष आहे. नानांसाठी कोणता निकष योग्य ते डॉक्टर ठरवतील. आवडलेला आकडा ठेवून न आवडलेला पुन्हा घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. घरोघरी होते ते हेच, आणि कोणाच्या मनात लबाडी नसताना होते.

गुडघ्याचे मोजमाप अधिक नाजूक आहे, कारण दुखणे बाहेरून दिसत नाही. ते फक्त नानांनाच ठाऊक आहे. दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यावा, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे कल्पनेपलीकडचे. हा आकडा रोज एकाच ठरलेल्या वेळी आणि एकाच ठरलेल्या कामानंतर विचारावा, उदाहरणार्थ जिना चढून आल्यावर. “गेल्या महिन्यापेक्षा बरे आहे ना?” असे विचारू नये. महिन्यापूर्वीचे दुखणे कोणाला नेमके आठवत नाही, माणूस आजच्या मनःस्थितीवरून कालचे रचतो, आणि प्रश्नातच उत्तर दडलेले असेल तर तेच परत देतो. कालचा आकडा त्यांना दिसू नये, म्हणून रोजचे पान उलटून ठेवावे.

सोबत अशा दोन गोष्टी मोजाव्यात ज्यांना मनाची फार भीड पडत नाही. एक म्हणजे खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जाणे, वळणे, परत येऊन बसणे, आणि याला लागलेले सेकंद. दुसरी म्हणजे हात छातीशी दुमडून अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते. या दोन्ही चाचण्या दवाखान्यांत वापरल्या जातात. पहिलीत बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. दुसरीत सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाचे बारापेक्षा कमी वेळा उठणे हे त्या वयाच्या मानाने कमी मानले जाते. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी, दर वेळी तीच असावी, आणि कोणीतरी जवळ उभे असावे. आठवड्यातून दोनदा पुरे. रोज केल्यास सरावानेच आकडा सुधारतो आणि पुन्हा तेच कोडे.

मन आणि शरीर यांचे आकडे वेगवेगळे का घ्यायचे, हे एका अभ्यासावरून फार स्पष्ट होते, आणि तो थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये दम्याच्या रुग्णांवर केलेले काम प्रसिद्ध केले. प्रत्येक रुग्णाला वेगवेगळ्या दिवशी चार गोष्टींना सामोरे जायचे होते: खऱ्या औषधाचा फवारा, औषध नसलेला पण तसाच दिसणारा फवारा, सुई त्वचेत न शिरणारे खोटे अॅक्युपंक्चर, आणि काहीही न करता नुसते बसणे. कोणत्या दिवशी काय, ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवलेले होते. मग दोन गोष्टी मोजल्या, एका सेकंदात फुप्फुसांतून जोराने बाहेर पडणारी हवा आणि रुग्णाला स्वतःला किती बरे वाटले ते. हवेचे माप खऱ्या औषधाने सुमारे वीस टक्क्यांनी वाढले आणि बाकी तिन्हींनी सुमारे सातच टक्क्यांनी. म्हणजे खोटा फवारा, खोटी सुई आणि नुसते बसणे यांत यंत्राला काही फरक दिसला नाही. पण रुग्णांना विचारले, तेव्हा खऱ्या औषधाने पन्नास टक्के, खोट्या फवाऱ्याने पंचेचाळीस टक्के आणि खोट्या सुईने शेहेचाळीस टक्के बरे वाटल्याचे उत्तर आले. नुसते बसण्याला एकवीस टक्के. रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांना बरे वाटले होते, फुप्फुसे मात्र होती तिथेच होती.

यातून दोन्ही बाजूंना काही घेण्यासारखे आहे. यजमानांनी हे लक्षात घ्यावे, की नानांना वाटणारा आराम हा भ्रम म्हणून उडवून लावण्याचा विषय नाही, कारण दुखण्याच्या बाबतीत वाटणे हेच बऱ्याच अंशी मोजमाप असते. नानांनी हे लक्षात घ्यावे, की रक्तदाबाच्या बाबतीत वाटण्याला किंमत नाही. दाब वाढलेला असताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि बरे वाटते म्हणून गोळी सोडणारा माणूस त्याच सापळ्यात सापडतो.

अशी यंत्रे काही आजची नाहीत. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स यांनी १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. त्या दुखऱ्या भागावरून ओढल्या की संधिवात पळतो, असा दावा होता, आणि इंग्लंडात ही जोडी पाच गिन्यांना, म्हणजे त्या काळी जबर किमतीला, खपत होती. जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी १७९९ मध्ये बाथ येथे धातूसारख्या रंगवलेल्या लाकडी कांड्या तयार करवून पाच रुग्णांवर फिरवल्या. पाचांपैकी चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या फिरवल्या, तेव्हाही तसाच निकाल आला. आराम खरा होता, तो धातूचा नव्हता एवढेच. गुडघ्यांपुरते बोलायचे तर अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून धक्कादायक आहे. काहींच्या झिजलेल्या गुडघ्यावर दुर्बिणीने शस्त्रक्रिया केली आणि काहींना भूल देऊन त्वचेवर फक्त छेद घेऊन टाके घातले. दोन वर्षे पाठपुरावा करूनही दुखणे आणि चालणे यांत दोन्ही गटांमध्ये फरक सापडला नाही. शल्यचिकित्सकाच्या सुरीलाही ही परीक्षा चुकत नसेल, तर पलंगाला ती द्यायला लावण्यात नानांचा अपमान कसला?

आता घरच्या परीक्षेचा आराखडा. पलंग चालू आहे की बंद, हे नानांना कळणारच, त्यामुळे हेगार्थ यांच्यासारखी लाकडी कांडी आपल्याला करता येणार नाही, आणि गुपचूप वायर काढून ठेवणे तर मुळीच करू नये. ज्याच्या शरीरावर प्रयोग करायचा त्याला न सांगता केलेला प्रयोग घरातही अनुचितच, आणि उघडकीला आला की विश्वास संपतो. परंतु दुसरा मार्ग आहे. त्या पलंगात जे आहे त्यातला शेक आणि विसावा घरी स्वस्तात मिळतो. म्हणून पलंगाची तुलना ‘काहीच नाही’ याच्याशी करू नये, तर आपल्याच खाटेवर गुडघ्याखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन चाळीस मिनिटे स्वस्थ पडण्याशी करावी. पिशवी टॉवेलात गुंडाळलेली असावी, म्हणजे कातडी भाजणार नाही. एक लाख चाळीस हजार रुपये शेकासाठी द्यायचे नसून शेकापलीकडे त्या रुळांत काही असेल तर त्यासाठी द्यायचे आहेत, आणि मोजायचे ते तेवढेच.

दोन आठवड्यांची एक जोडी धरावी. एक आठवडा पलंग, एक आठवडा पिशवी. आधी कोणते, ते नानांनी स्वतः नाणे उडवून ठरवावे. अशा चार जोड्या, म्हणजे एकूण आठ आठवडे. प्रत्येक आठवड्याचे पहिले दोन दिवस हिशेबात धरू नयेत, कारण आधीच्या आठवड्याचा असर काही काळ रेंगाळतो. बाकी सगळे जसेच्या तसे ठेवावे: गोळ्या, फिरणे, जेवण. दुखण्याची गोळी कधी घ्यावी लागली तर ती तारखेसह लिहावी, कारण किती गोळ्या लागल्या हेही एक माप आहे. नाणे उडवण्याचा आग्रह विक्षिप्त वाटेल, परंतु त्याशिवाय नाना बरे वाटत असलेल्या आठवड्यात पलंग निवडतील आणि थंडीच्या आठवड्यात पिशवी, किंवा उलट, आणि त्यांना स्वतःलाही ते कळणार नाही. वैद्यकात हा विचार १९४८ मध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीने रुजवला. त्यात कोणाला औषध मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता आधीच बंद पाकिटांत ठरवून ठेवले होते. आपल्याकडेही मद्रासमध्ये १९५६ पासून क्षयरोगाच्या रुग्णांची अशीच विभागणी करून, घरी राहून घेतलेले औषध सॅनेटोरियमइतकेच गुणकारी ठरते, हे दाखवण्यात आले, आणि त्याने जगभरची उपचारपद्धती बदलली.

सुरुवात करण्याआधी निकालाची अट लिहून घ्यावी, आणि त्या कागदावर नाना व यजमान या दोघांच्याही सह्या असाव्यात. शून्य ते दहाच्या मापावर दोन अंकांचा फरक माणसाला खरोखर जाणवण्याजोगा समजतात. अर्ध्या-पाऊण अंकाचा फरक असा-तसाच येत असतो. तेव्हा पलंगाच्या आठवड्यांची सरासरी पिशवीच्या आठवड्यांपेक्षा निदान दोनने कमी असावी आणि चारही जोड्यांत पलंगच सरस ठरावा, अशी अट मला योग्य वाटते. दोन्हींत काहीच फरक नसताना निव्वळ योगायोगाने चारही जोड्या पलंगाच्या बाजूने पडण्याची शक्यता सोळात एक आहे. ती अगदी नगण्य नाही, पण घरगुती निर्णयाला पुरेशी आहे. अट पुरी झाली तर यजमानांनी पुन्हा चेष्टा करू नये, नाही झाली तर नानांनी खरेदीचा विषय काढू नये. आकडे पाहिल्यावर अट बदलण्याचा मोह दोघांनाही होईल. सह्या त्यासाठीच आहेत.

हे सगळे आत्ता सुरू करू नये, असा माझा सल्ला आहे. आपले पत्र उन्हाळ्याच्या तोंडावर आले आहे. आठ आठवडे म्हणजे एप्रिलअखेर, आणि त्या तापमानात बहात्तर वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने तापलेल्या पलंगावर पडून लगेच उठणे धोक्याचे होऊ शकते. उष्णतेने दाब आधीच उतरलेला असतो, अंगातले पाणी कमी झालेले असते आणि उठताना भोवळ येते. शिवाय गुडघे खरे छळतात ते थंडीत. परीक्षा दिवाळीनंतर घ्यावी. तोपर्यंत पलंगाविना गेलेल्या महिन्यांचे आकडे लिहीत राहावे. वहीतला हरवलेला रकाना असा आपोआप भरत जाईल. केंद्रवाले गुढीपाडव्यापर्यंतच सवलत आहे म्हणतात, असे आपण लिहिले आहे. जे खरोखर गुणकारी आहे ते दिवाळीनंतरही गुणकारी राहील, आणि सवलतीची मुदत संपली तर पुढची सवलत येईल, याबद्दल निश्चिंत असावे. त्यांच्या भिंतीवर मधुमेह आणि रक्तदाब मुळापासून बरे होतात असा फलक आहे, हे आपण जाता जाता लिहिले आहे. अशा आजारांची नावे घेऊन बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तेच शब्द पावतीवर सहीशिक्क्यानिशी लिहून द्या, एवढीच विनंती नानांनी करून पाहावी.

मधल्या काळात गुडघ्यांसाठी काय, हा प्रश्न उरतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी २०२२ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत सांध्यांच्या झिजेवर पहिला उपचार म्हणून मांडीचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम आणि वजन जास्त असल्यास ते कमी करणे यांना स्थान आहे. विजेच्या सौम्य झटक्यांची आणि ध्वनिलहरींची यंत्रे देऊ नयेत असेही त्यांत म्हटले आहे. एक किलो वजन घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. आपल्या गावी १९५७ पासून लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी आहे आणि व्यायामाला शरीर कसा प्रतिसाद देते हा तिथे शिकण्याचा विषय आहे. अशा शहरात नानांना नीट व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट मिळणे अवघड नसावे. जयारोग्य रुग्णालयात चौकशी करण्यापासून सुरुवात करता येईल. मात्र हा व्यायाम दिवाळीच्या परीक्षेआधी निदान दोन महिने सुरू झालेला असावा आणि परीक्षेच्या काळात तो वाढवू किंवा घटवू नये, नाहीतर श्रेयाची वाटणी पुन्हा अवघड होईल.

नाना केंद्रात कशासाठी जातात, याकडेही पाहावे. पत्रात एक वाक्य आहे, की तिथे त्यांच्या वयाची मंडळी भेटतात आणि परत येतात तेव्हा ते खुशीत असतात. दुखण्याचा आकडा उतरण्यात त्या गप्पांचा वाटा असू शकतो, आणि पिशवी घेऊन एकट्याने खाटेवर पडण्यात तो वाटा मिळणार नाही. तेव्हा पिशवीच्या आठवड्यांतही सकाळचा तो तास त्यांनी त्याच मित्रांबरोबर काढावा, पलंगावर मात्र चढू नये. हे परीक्षेच्या दृष्टीनेही बरोबर आहे आणि नानांच्या दृष्टीनेही.

यापैकी काही घडले तर मात्र वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे: गुडघा एकाएकी सुजून लाल व गरम झाला, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे सुरू झाले, किंवा शांत बसून दोनदा घेतलेला वरचा दाब १८० च्या पुढे गेला. त्याबरोबर छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, हातापायात कमजोरी असे काही असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये.

मनगटी घड्याळाबद्दल. बहुतेक घड्याळांत दंडाच्या पट्ट्यासारखा दाब देऊन मोजण्याची सोय नसते. ती त्वचेवर प्रकाश टाकून नाडीच्या लहरीचा आकार पाहतात आणि त्यावरून दाबाचा अंदाज करतात. हा अंदाजही आधी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावा लागतो, आणि ती जुळवणी ज्याच्या हातावर केली त्याच्यापुरतीच चालते. मुलाचे घड्याळ नानांच्या मनगटावर बांधून आलेला आकडा म्हणजे मुलाच्या जुळवणीवर नानांची नाडी. नाडीचे ठोके आणि दिवसभरातली पावले मोजायला ते वापरावे. पावलांचा रकाना आपल्या वहीत नाही, तो जरूर वाढवावा. दाबाच्या रकान्यात मात्र त्याचा एकही आकडा लिहू नये.